मीटर म्हणतो सत्तेचाळीस, रस्ता मात्र बावन्नच

कराडजवळच्या एका वाचकाचं पत्र आहे. थोडं कापून देतो:

«वडिलांची १९८७ सालची डिझेल जीप माझ्याकडे आहे. शेतावर जायला-यायला आणि महिन्यातून दोनदा साताऱ्याला. मोठ्या रस्त्यावर इंजिन फार ओरडायचं, म्हणून दिवाळीनंतर मिस्त्रीच्या सांगण्यावरून मागचं क्राऊन-पिनियन बदललं. जुन्यावर ४३-८ कोरलेलं होतं, नवं ३९-८ आहे. टायर तेच. मिस्त्री म्हणाला, आवाज कमी होईल आणि अ‍ॅव्हरेज वाढेल. आवाज कमी झाला, पण अ‍ॅव्हरेज उलट घटलं. आधी लिटरला ११ पडायचे, आता साडेदहा. शिवाय कराड-सातारा मीटरवर ५२ यायचे, ते आता ४७ येतात, म्हणजे मीटरही अडकतोय. माझ्या मेहुण्याने त्याच्या जीपला पाच गिअरचा बॉक्स टाकला, त्याच्या मीटरला काही झालं नाही. म्हणून गिअर बदलण्याचा आणि मीटरचा संबंध नसावा असं वाटतं. मिस्त्रीचे तीन हजार रोखून धरलेत. केबल बदलू, मीटर बदलू, की जुनं क्राऊन-पिनियन परत बसवू?»

दादा, आधी मिस्त्रीचे तीन हजार देऊन टाका, मग पुढचं वाचा. गाडीचं अ‍ॅव्हरेज घटलेलं नाही, वाढलंय. मीटर अडकलेला नाही, केबलही धड आहे. एक मात्र खरं, मिस्त्रीने काम अर्धंच केलंय. पण ते अर्धं तुम्हाला वाटतं ते नाही, त्यावर शेवटी येतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ५२ चे ४७ झाले म्हणता. कराड ते सातारा रस्ता काही आटलेला नाही. क्राऊन-पिनियन म्हणजे शाफ्टची फेरी मागच्या चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी. ४३-८ म्हणजे क्राऊनला ४३ दाते, पिनियनला ८. आता ३९ ला ४३ ने भागा. ०.९०७ येतात. ५२ ला ०.९०७ ने गुणा. ४७ आणि वर थोडे. तुमच्या मीटरने जेवढं कमी दाखवलं, बरोबर तेवढंच ते कमी दाखवणार होतं. अडकणाऱ्या मीटरला एवढा नेमका हिशोब जमत नाही.

हे होतं कसं, ते मीटरच्या केबलचं दुसरं टोक कुठे आहे ते पाहिलं की कळतं. जीपखाली आडवे पडा आणि केबलच्या मागे मागे जा. ती गिअरबॉक्सच्या मागच्या ट्रान्स्फर केसवर, म्हणजे फोर-व्हीलच्या बॉक्सवर, मागच्या प्रॉपेलर शाफ्टकडे, म्हणजे मागच्या चाकांकडे फेरी नेणाऱ्या लांब दांड्याकडे, जाणाऱ्या तोंडाशी शिरते. आत शाफ्टवर आट्यांचा एक गिअर असतो आणि त्याला लागून केबलचा छोटा गिअर. म्हणजे मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतच नाही. ते मोजतं शाफ्टच्या फेऱ्या. एक किलोमीटरला शाफ्ट किती फिरतो हे कंपनीने एकदा ठरवून दिलेलं असतं आणि पुढे मीटर डोळे मिटून त्यावर विश्वास ठेवतं.

४३-८ असताना चाकाच्या एका फेरीला शाफ्ट ५.३७५ फेऱ्या मारायचा. ३९-८ झाल्यावर तो ४.८७५ मारतो. चाक तेवढंच फिरलं, गाडी तेवढीच पुढे गेली, पण शाफ्ट कमी फिरला. मीटरला वाटलं, आज मालक कमी हिंडले.

आता मेहुण्यांचं. त्यांनी गिअरबॉक्स बदलला, आणि गिअरबॉक्स केबलच्या *आधी* येतो. इंजिन आणि शाफ्ट यांच्यामध्ये तुम्ही काय वाटेल ते घाला, चार गिअर, पाच गिअर, ओव्हरड्राइव्ह, शाफ्ट आणि चाकाचं नातं बदलत नाही. म्हणून त्यांच्या मीटरला काही झालं नाही. जीप लो रेंजला (फोर-व्हीलच्या बॉक्समधल्या जास्त ओढीच्या गिअरला) टाकून नांगरटीत चालवली तरी किलोमीटर बरोबरच पडतात ते ह्याचमुळे, लो रेंजची घट केबलच्या आधीच झालेली असते. तुमचं क्राऊन-पिनियन केबलच्या *नंतर* आहे. मोजणी होऊन गेल्यावर नातं बदललं, ते मीटरला कळणार कुठून? कोणत्याही गाडीत हाच एक प्रश्न विचारायचा: बदल मोजणीच्या आधी झाला की नंतर?

मागच्या चाकावर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत, अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी वगैरे, केबल गिअरबॉक्सच्या शेपटातून निघते, म्हणजे तुमच्यासारखीच गत. मारुती ८०० मध्ये मीटरचा गिअर डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना फेऱ्या वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) डब्यावरच असतो, चाकाच्या बाजूला. तिथे फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांआधीची शेवटची गिअरजोडी, बदलला तरी मीटर हलत नाही, टायर बदलला तरच हलतं. जुन्या बुलेटला केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे पोरं मागे स्प्रॉकेट बदलत बसली तरी मीटरला सोयरसुतक नाही. ज्या बाइकचा सेन्सर गिअरबॉक्सवर आहे तिथे मात्र दोन दाते कमी-जास्त केले की किलोमीटर लगेच बदलतात. हल्लीच्या बऱ्याच गाड्या एबीएसच्या चाकावरच्या सेन्सरवरून मोजतात, त्यांना फक्त टायर फसवू शकतो.

मग अ‍ॅव्हरेज. टाकीतलं डिझेल खरं होतं, किलोमीटर खोटे होते. साडेदहाला ४३ ने गुणा आणि ३९ ने भागा: साडेअकरापेक्षा थोडे जास्त. ११ चे साडेअकरा झाले. मिस्त्री खरं बोलला होता. मी तुम्हाला हसत नाही. मी स्वतः एकदा गाडीला एक माप मोठे टायर टाकले आणि पुढचे तीन महिने एका पंपावाल्याशी वाद घातला की तो माप मारतोय. शेवटी त्यानेच पाच लिटरचं तपासणीचं माप काढून माझ्यासमोर भरून दाखवलं. काठोकाठ. माझे टायर मोठे, एका फेरीत अंतर जास्त, मीटरवर किलोमीटर कमी. त्या पंपावर जायला मला पुढे बरेच दिवस लाज वाटत होती.

टायरवरून आठवलं. २१५/७५ आर १५ चा व्यास हिशोबाने ७०३.५ मिलिमीटर, २३५/७५ आर १५ चा ७३३.५. फरक सव्वाचार टक्के, आणि हे अनेक जण फक्त दिसायला बरं म्हणून करतात. कोरा टायर झिजून संपेपर्यंत त्याची त्रिज्या पाच-सहा मिलिमीटरने घटते, म्हणजे दीडेक टक्का तिथेच गेला. त्यामुळे मीटर रेघेला रेघ बरोबर करण्याच्या नादी लागू नका. एखाद-दुसरा टक्का सोडून द्यायचा असतो. नऊ टक्के सोडायचे नसतात.

आता माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः तपासा. दोन तपासण्या आहेत, दोन्ही फुकट.

पहिली, नवं क्राऊन-पिनियन खरंच ३९-८ आहे का. सपाट जागी गाडी लावा आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे घट्ट लावा. घट्ट म्हणतो त्याला कारण आहे: बऱ्याच जुन्या जीपना हँडब्रेक शाफ्टवरच असतो आणि शाफ्ट फिरायला तो सोडावा लागतो, त्यामुळे ठोकळ्यांशिवाय गाडी धरायला काही उरत नाही. मागचा अ‍ॅक्सल उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवा, नुसत्या जॅकवर नको. गिअर न्यूट्रल, फोर-व्हील काढलेलं. शाफ्टवर खडूने एक रेघ मारा, तिच्यासमोर वर चेसिसवर दुसरी. डाव्या चाकावर एक रेघ. आता उजवं चाक एकाला धरून ठेवायला सांगा आणि डावं चाक बरोबर *दोन* फेऱ्या फिरवा. दोन का? एक चाक धरलं की डिफरन्शियल अर्धाच फिरतो, म्हणून दोन फेऱ्यांची एक होते. हे विसरून अनेकांनी आपलं क्राऊन-पिनियन अडीचचं आहे असं जाहीर केलेलं आहे. दुसऱ्याने शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. रेघ पाच फेऱ्या पुऱ्या व्हायला अदपाव कमी पडली तर ३९-८. पाच होऊन वर दीडपाव गेली तर ४३-८ च आहे आणि मग मिस्त्रीशी वेगळं बोलावं लागेल. पण तुमचे ४७ बघता ती वेळ येणार नाही.

दुसरी, मीटर किती चुकतोय. महामार्गावरचे किलोमीटरचे दगड बघा, राष्ट्रीय महामार्गाला पिवळ्या डोक्याचे, राज्य महामार्गाला हिरव्या. तुमच्याकडे सहापदरीकरणाच्या कामात वळसे पडलेत, दगडही सगळीकडे जागेवर असतील याचा भरवसा नाही, म्हणून काम नसलेला एखादा सरळ राज्य महामार्ग धरा. एका दगडाशी सुरुवात, वीस किलोमीटरवरच्या दगडाशी शेवट. तुमच्या मीटरवर अठरा आणि वर थोडे आले पाहिजेत. मीटरचा शेवटचा आकडा जिथे पूर्ण पलटतो तिथूनच मोजायला घ्या, मधूनच नको. मोबाइलचं जीपीएस सरळ रस्त्यावर चालेल. कुंभार्ली घाटात चालणार नाही, कारण ते ठिपक्याला ठिपका जोडतं आणि वळणं कापून टाकतं.

आणि हे तपासताना वेगाच्या काट्याकडे बघून मीटरची परीक्षा घेऊ नका. दोघं एकाच डबीत राहतात, पण धंदा वेगळा. किलोमीटरचे आकडे गिअरने फिरतात. ते मोजतात किंवा बंद पडतात, त्यांना अंदाज माहीत नाही. काटा मात्र फिरत्या लोहचुंबकाच्या ओढीवर आणि एका बारीक स्प्रिंगवर उभा असतो, आणि स्प्रिंग म्हातारी होते. कोरडी केबल असली की काटा नाचतो, तसा तुमचा नाचत नाही ना? मग केबलला हात लावू नका.

आणखी एक फरक. काट्यासाठी वेगळा नियम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक चार किलोमीटर इथपर्यंत चालतं. म्हणजे खरे ६० असताना ७० दाखवले तरी माफ, ५९ दाखवले तर नाही. तुमची जीप आता नेमका तो गुन्हा करतेय. काटा ६० वर असताना तुम्ही ६६ ने जाताय, ८० वर असताना ८८ ने. ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे काटा त्याच जागी असूनही गाडी थांबायला पूर्वीपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त रस्ता लागणार. ड्रम ब्रेकच्या जीपला हे परवडत नाही. अ‍ॅव्हरेजपेक्षा मला ह्याची काळजी जास्त वाटते.

दुरुस्ती काय? जुनं क्राऊन-पिनियन परत बसवू नका, त्याची काही गरज नाही. गंमत अशी की ३९-८ हे प्रमाण जीपला नवं नाही. महायुद्धातल्या विलिस जीपला हेच होतं, ४.८८. १९४५ मध्ये विलिसने साध्या लोकांसाठी सीजे-२ए काढली, ती शेतकऱ्याला नांगराला-औताला उपयोगी पडावी असा विचार होता, आणि तिला ५.३८, म्हणजे तुमचं ४३-८ दिलं. तुम्ही शेताची जीप परत रस्त्याची केलीत, एवढंच. ओढ नऊ टक्क्यांनी कमी होणार. कुंभार्लीच्या चढाला जिथे तिसऱ्यात जायचात तिथे दुसरा मागेल, त्याला बिघाड समजू नका.

योग्य दुरुस्ती म्हणजे केबलचा तो छोटा गिअर बदलणं. तो बाहेर काढायला दहा मिनिटं लागतात, थोडं तेल गळेल, खाली डबा ठेवा. दाते मोजा. समजा १६ निघाले. शाफ्ट ०.९०७ पट फिरतोय, तर दातेही ०.९०७ पट हवेत, म्हणजे साडेचौदा. अर्धा दाता कुणी विकत नाही. १५ घातले तर मीटर सव्वातीन टक्के कमी दाखवेल, १४ घातले तर पावणेचार टक्के जास्त. मी १४ घेईन. वेग जास्त दाखवलेला बरा. जुन्या बाजारात जीपचे हे गिअर मिळतात, जुना हातात घेऊन जा, फक्त दात्यांची संख्या सांगून आणलेला बसत नाही. केबलच्या मध्ये जोडायची छोटी गिअरपेटी करून देणारे मीटर दुरुस्तीवाले असतात, तिच्याने आकडा अगदी नेमका जमतो, पण आणखी एक फिरणारी, आणखी एक कोरडी पडणारी वस्तू गाडीत येते. शेतावरच्या जीपला मला ती नको वाटते.

गिअर मिळेपर्यंत डॅशबोर्डवर चिकटपट्टी लावा: «मीटर + दहावा हिस्सा». ४७ ला ४.७ मिळवले की ५१.७. तोंडी हिशोबाला एवढं पुरे. काचेवर ५४ च्या जागी लाल रंगाचा ठिपका द्या, ते तुमचे खरे ६०.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल: इंजिन ऑइल मीटरच्या किलोमीटरवर बदलू की खऱ्या? पूर्वीसारखंच मीटरवर. टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट बरोबरीने फिरतात आणि मीटर शाफ्टच्याच फेऱ्या मोजतंय. म्हणजे मीटरच्या पाच हजारांत इंजिन जेवढं पूर्वी फिरायचं तेवढंच आता फिरतं, रस्ता तेवढा साडेपाच हजारांचा होतो. टायर, हबचं ग्रीस, ब्रेकचे लायनर यांना मात्र खरे किलोमीटर लागू. छोटा गिअर बदललात की हे सगळं विसरून ऑइलही खऱ्यावरच, त्यात थोडं आधी बदललं गेलं तर इंजिन तक्रार करणार नाही. क्राऊन-पिनियन बदललं त्या दिवसाचा मीटरचा आकडा वहीत लिहिलाय का? नसेल तर बिलाच्या तारखेवरून अंदाजाने लिहा. पाच आकड्यांचं मीटर असेल तर ९९,९९९ नंतर ते शून्यावर येऊन १९८७ पासून किती वेळा फिरलंय हे वडिलांनाच ठाऊक, पण उद्या कुणी गाडी घेतली तर निदान इथून पुढचा हिशोब तरी त्याला खरा द्या.

आता ते अर्धं काम. तुम्ही लिहिलंय, *मागचं* क्राऊन-पिनियन बदललं. पुढच्याचा उल्लेख नाही. पुढे अजून ४३-८ च असेल तर फोर-व्हीलचा दांडा ओढल्या क्षणी पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातील, आणि मागची चाकं पुढच्यांपेक्षा दहा टक्के जास्त अंतर कापायला बघतील. चिखलात टायर घसरून ते निभावून नेईल. कोरड्या डांबरावर कुणीतरी तुटणार, बहुतेक ट्रान्स्फर केसमधला गिअर नाहीतर शाफ्टचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा), आणि मग तीन हजारांत भागणार नाही. मिस्त्रीला विचारा. «तुम्ही फोर-व्हील कुठे वापरता» असं तो म्हणाला तर पावसाळ्यात शेतावर कोण जातं ते त्याला सांगा. पुढचीही जोडी ३९-८ ची करून घ्या. तोवर तो दांडा तारेने बांधून ठेवा, मुलं ओढतात. आणि खडूची तीच तपासणी पुढच्या अ‍ॅक्सललाही करा, ठोकळे मागच्या चाकांना लावून. पुढचे फ्री-व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवता येणारे) असतील तर ते लॉक करायला विसरू नका, नाहीतर चाक फिरेल आणि शाफ्ट जागचा हलणार नाही. किती फेऱ्या आल्या ते कळवा.